आरव्हीच्या व्हेंटमधल्या कुंभारणी, कोळी आणि आमची जाळ्यांची खटपट

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर (अशा फिरत्या घरांना इथे आरव्ही म्हणतात), विकताना डीलर स्लाइडआउट म्हणजे भिंतीचा सरकता भाग बाहेर काढून दाखवतो, ऑनिंग म्हणजे दारावरचं कापडी छत उघडून दाखवतो, बाहेरच्या स्पीकरवर गाणी लावून दाखवतो. बाहेरच्या भिंतीला जी भोकं असतात त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फर्नेसचं म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या यंत्राचं व्हेंट, वॉटर हीटरचं जाळीदार दार, फ्रिजचं खाली एक आणि छतावर एक, शेगडीवरच्या हूडची झडप, एवढी तरी असतातच. आत प्रोपेन जळणार म्हणजे त्याला हवा लागणार आणि जळलेला वायू कुठून तरी बाहेर जाणार, त्यामुळे ही भोकं बंद करून टाका असं म्हणता येत नाही. आणि टेक्ससमधल्या किड्यांना नेमकी तीच आवडतात.

आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. आमच्या एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या, नियमात ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करता येत नाही त्यामुळे तो गावाबाहेर एका स्टोरेज लॉटवर उघड्यावर असतो. जून ते सप्टेंबर इथे पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास, त्यात कॅम्पिंगला जायची हौस आमच्यात कोणालाच नाही, म्हणजे चिखलाचं घर बांधणाऱ्या कुंभारीण माशांचा सीझन जोरात असतो नेमका तेव्हाच ट्रेलर बंद पडून असतो. मिशिगन-मिनेसोटाकडचे लोक हिवाळ्यात ट्रेलर बंद करतात तेव्हा किडेही झोपलेले असतात, आमचं सगळं उलटं.

थँक्सगिव्हिंगला डेव्हिस माउंटन्सला जायचं ठरलं होतं. फोर्ट डेव्हिस हे टेक्ससमधलं सगळ्यात उंच गाव, साधारण ५,००० फुटांवर, जवळच मॅकडोनाल्ड ऑब्झर्व्हेटरी आहे, आकाश काळंकुट्ट आणि नोव्हेंबरात रात्री पाणी गोठेल एवढी थंडी. फर्नेसशिवाय तिकडे जाण्यात काही अर्थ नाही, म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी लॉटवर जाऊन सगळं चालू करून बघायचं ठरवलं. आई सांगलीहून आलेली होती, ती आणि मुलगीपण बरोबर आल्या, आईला बघायचं होतं की ह्या पत्र्याच्या खोलीत आपण झोपणार कुठे.

आधी शेगडी पेटवली. लाइनमध्ये अडकलेली हवा त्यानं निघून जाते आणि गॅस येतोय हेही कळतं. ज्योत छान निळी. मग थर्मोस्टॅट वर केला, फर्नेसचा पंखा घरघरायला लागला, थोड्या वेळानं आतून टिक टिक टिक असा स्पार्कचा आवाज, आणि मग काहीच नाही. पंखा नुसता गार हवा फेकतोय. परत टिक टिक. परत काही नाही. फर्नेस असे काही प्रयत्न करते आणि मग स्वतःच लॉक होऊन बसते, थर्मोस्टॅट बंद करून परत चालू केल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि ते बरंच आहे नाहीतर न जळलेला गॅस आत साठला असता. बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, १२.६ होतं, म्हणजे तीही ठीक. गॅस आहे, वीज आहे, ठिणगी आहे, मग उरली हवा.

बाहेर जाऊन फर्नेसच्या व्हेंटमध्ये टॉर्च मारला. ट्रेलरच्या फर्नेसला बाहेरच्या भिंतीवर हवा आत घ्यायची एक वाट आणि धूर बाहेर टाकायची एक नळी असते, आणि जळणाची ही हवा घरात फिरणाऱ्या हवेपासून पूर्ण वेगळी असते. धुराच्या नळीत दोनेक इंचांवर राखाडी मातीची भिंतच. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "अरे कुंभारणीचं घर आहे हे. आमच्याकडे गालफुगीवर उगाळून लावायचे ही माती." मी म्हणलं, "आई, इथे लोक ह्याला घाबरून टेक्निशियन बोलावतात." तर म्हणे, "पैसे जास्त झालेत लोकांना."

टेक्निशियन मीपण आधीच विचारून ठेवला होता खरं तर. सर्व्हिस सेंटरला फोन केला होता, त्यांची तारीख थँक्सगिव्हिंगच्या नंतरची. तेव्हा आपणच.

सिलिंडर बंद केले, फर्नेसचा फ्यूज काढला, व्हेंटचं बाहेरचं झाकण चार स्क्रू काढून आणि कडेचं कॉक म्हणजे फटी बुजवायचं लुकण खरवडून सोडवलं. माती काढताना ती आत ढकलायची नाही ही मुख्य गोष्ट, आत गेली तर ती बर्नरपाशी नाहीतर पंख्याच्या पात्यांत जाऊन बसते आणि मग अख्खी फर्नेस बाहेर काढायची वेळ येते. म्हणून एका हातात शॉप व्हॅकची, म्हणजे मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरची, नळी भोकाला लावून आणि दुसऱ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन हळूहळू टोकरायला लागलो. चिखल वाळून चांगलाच कडक झालेला पण ढेकूळ सुटलं की आतून मोकळं होतं. एक मोठं ढेकूळ अख्खं हातात आलं ते मुलीनं पेपर टॉवेलवर ठेवून फोडलं. आत एकाशेजारी एक कप्पे, बहुतेकांत तपकिरी पातळ कागदी कोश, पण एका कप्प्यात कोळी ठासून भरलेले, डब्यात चकल्या भराव्यात तसे, हिरवट, पिवळट, छोटे छोटे, पाय पोटाशी घेतलेले. मुलगी म्हणाली मेलेत, आणि तेवढ्यात एकाचा पाय हलला. त्यापुढचा किंचाळण्याचा भाग सोडून देतो.

ते मेलेले नसतातच बहुतेकदा. कुंभारीण नांगी मारून कोळ्याला लुळा करते, कप्प्यात भरते, त्यावर अंडं घालते आणि कप्पा चिखलानं बंद करते, अळी बाहेर आली की तिला ताजं खायला तयार. आमच्याकडे काळी-पिवळी लांब कमरेची असते ती गोळ्यासारखं घर बांधते, दुसरी एक काळी जात भिंतीवर शेजारी शेजारी लांब नळ्या बांधते. निळी चकाकणारी पण दिसते, ती फार हुशार, स्वतः चिखल आणतच नाही, काळी-पिवळीनं बांधलेल्या घरावर पाणी आणून ते मऊ करते, फोडते, आतले कोळी टाकून देते आणि आपले भरते. तिला विषारी ब्लॅक विडो कोळी विशेष आवडतो, म्हणजे एका अर्थी उपकारच करते आपल्यावर. शिवाय ह्या माशा अंगावर येत नाहीत, गांधीलमाशीसारखं टोळी करून घराची राखण करणं त्यांच्यात नाही. माझं त्यांच्याशी वैर एवढंच की त्या माझ्या धुराच्या नळीत राहतात.

नळी मोकळी केली, हवा घ्यायच्या वाटेत पण थोडा चिखल होता तो काढला, आरसा धरून आतपर्यंत बघितलं, झाकण परत बसवलं. फ्यूज, सिलिंडर, थर्मोस्टॅट. ह्या वेळी टिक टिक झालं आणि आत भक्क करून आवाज आला आणि व्हेंटमधून गरम हवा हाताला लागली. तशी ती थोडा वेळ चालवली आणि व्हेंटच्या वर भिंतीला काजळी धरतेय का बघत राहिलो. काजळी म्हणजे जळण नीट होत नाहीये, आणि तसं असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. तो वासानं कळत नाही, म्हणून आतला डिटेक्टर काढून त्याच्या पाठीवरची तारीख पण बघून घ्या, बहुतेकांची मुदत ५ ते ७ वर्षं असते, टेस्टचं बटण दाबल्यावर बीप आला म्हणजे आतला सेन्सर शाबूत आहे असं नाही. आमचा संपत आला होता, नवीन लावला.

फर्नेस झाली म्हणून उत्साहात वॉटर हीटर लावला तर तिथे वेगळंच. पेटला, पण ज्योत पिवळी, लोळणारी, आणि मधून मधून भुडुक् भुडुक् आवाज. नीट चालणारा वॉटर हीटर एका सुरात जोरात घोंघावतो आणि ज्योत निळी असते. इथे कुंभारीण नव्हती, इथे कोळी. बर्नरची जी वाकडी नळी असते तिच्या तोंडाशी गॅसचा बारीक पितळी ऑरिफिस, म्हणजे गॅस सोडणारा छोट्या भोकाचा तुकडा, असतो, मध्ये थोडी मोकळी जागा, तिथून गॅस जाताना बाजूची हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून पुढे जळतं. ह्या नळीत कोळ्यानं एक जळमट केलं तरी हवा कमी पडते. डोळ्याला नळी मोकळीच वाटत होती, टॉर्च तिरका धरला तेव्हा आत पांढरं काहीतरी चमकलं. जळमट एवढं पातळ की फुंकर मारली तर हललं पण निघालं नाही.

कोळी प्रोपेनच्या वासाला भुलतात असं इथले सगळे आरव्हीवाले सांगतात, म्हणजे गॅसला मुद्दाम जो इथाइल मरकॅप्टनचा घाणेरडा वास घातलेला असतो त्याला. त्यात किती तथ्य ते कोळ्यालाच माहीत, पण पेट्रोलच्या बाबतीत मात्र हे प्रकरण कागदोपत्री झालेलं आहे. २०११ मध्ये माझदानं अमेरिकेत पन्नास हजारांवर माझदा-६ गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या टाकीच्या व्हेंटच्या नळीत पिवळे सॅक कोळी जाळी करून बसत होते, नळी तुंबून टाकीत दाब बिघडायचा आणि टाकीला तडा जायची भीती. उपाय म्हणून नळीत एक स्प्रिंग बसवली, कोळी जाऊ नये म्हणून. आणि २०१४ मध्ये परत बेचाळीस हजारांच्या आसपास गाड्या बोलवाव्या लागल्या त्याच कोळ्यापायी! एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, आणि समोर बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळी. हे वाचल्यावर मला माझ्या वॉटर हीटरबद्दल फारसं वाईट वाटेनासं झालं.

तर वॉटर हीटर थंड होऊ दिला, गॅस बंद, बर्नरची नळी सोडवून बाहेर काढली आणि बाटल्या धुवायच्या ब्रशसारखा एक लांब बारीक ब्रश मिळतो तो आरपार फिरवला. जळमटाबरोबर एक वाळलेला कोळी आणि अंड्यांची पिशवी निघाली. ऑरिफिसच्या भोकात सुई घालायची नाही हे मात्र लक्षात ठेवा, ते भोक ठराविक मापाचं असतं आणि पितळ मऊ, सुईनं ते मोठं झालं की गॅस जास्त यायला लागतो. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं आणि हवेवर वाळू द्यायचं, बस. नळी परत बसवताना ऑरिफिस आणि नळीचं तोंड एका रेषेत आहे ना ते बघायचं आणि जिथे जिथे जोड सोडवला तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणूनच गॅसचा डिटेक्टर ट्रेलरमध्ये जमिनीलगत लावलेला असतो.

हातात ग्लोव्ह्ज असू द्या. वॉटर हीटरच्या दारामागे, खालच्या कोपऱ्यात, ब्लॅक विडोला फार आवडतं.

फ्रिजचं काम मी मुद्दाम पहाटेसाठी ठेवलं कारण खालच्या व्हेंटच्या झाकणाच्या फटीतून लाल गांधीलमाशा ये-जा करताना दिसल्या होत्या आणि त्या कुंभारणीसारख्या समजूतदार नाहीत. गारव्यात त्या सुस्त असतात. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलो, नाण्यानं दोन खटके फिरवून झाकण हळूच उघडलं, आत कागदी पोळं हाताच्या तळव्याएवढं. लांब काठीनं ते पाडलं आणि चक्क पळालो. विषारी स्प्रे तिथे मारायचा नाही, एक तर तो पेट घेऊ शकतो आणि बाजूलाच बर्नर, दुसरं म्हणजे तो सर्किट बोर्डावर आणि तांब्याच्या नळीवर बसतो.

आरव्हीचा हा गॅसवर चालणारा फ्रिज घरच्यासारखा कॉम्प्रेसरवाला नसतो, त्यात अमोनिया आणि पाणी असतं आणि खाली ज्योत लावून ते तापवायचं, त्यातून गारवा. मागच्या बाजूची उष्णता काढायला खालच्या व्हेंटमधून हवा आत येते, तापते आणि छतावरच्या व्हेंटमधून निघून जाते. म्हणजे फ्रिजचं गार होणं बरंचसं ह्या हवेवर. आता इथे जाळीचा खरा प्रश्न येतो.

लॉटवर आमच्या शेजारी ज्याचा ट्रेलर आहे तो म्हातारा टेक्सन, आयुष्यभर ह्याच गाड्यांत फिरलेला, तो माझी खटपट बघत खुर्ची टाकून बसला होता. कुंभारणीला तो डर्ट डॉबर म्हणतो. त्यानं मागे एकदा फ्रिजच्या व्हेंटला आतून खिडकीची मच्छरजाळी लावली होती, एकदम बारीक विणीची, किडा जाणं शक्यच नाही. किडा गेला नाही पण हवाही गेली नाही. धूळ आणि झाडाचा कापूस धरून जाळीचं पांघरूण झालं आणि ऐन जुलैत फ्रिजमधलं सगळं मांस खराब झालं. त्याला वाटलं फ्रिज गेला, नवीन फ्रिजची किंमत विचारेपर्यंत गाडी गेली होती, मग कोणीतरी झाकण उघडून बघितलं. फायबरची जाळी बर्नरच्या जवळ लावणं तर वेगळंच संकट.

त्याच्याकडून एक गोष्ट नक्की शिकलो की जाळी जेवढी बारीक तेवढी चांगली असं नाही. मी घेतली ती हार्डवेअर क्लॉथ, धातूची, एक अष्टमांश इंचाच्या घरांची. कुंभारीण त्यातून जात नाही, गांधीलमाशी जात नाही, हवा जाते. छोटा कोळी जातो, त्याला इलाज नाही. पत्र्याच्या कातरीनं झाकणाच्या मापाची कापली, कापलेल्या कडा इतक्या धारदार की दोन बोटं सोलवटली, मग कडा दुमडून घेतल्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारेनं बांधली. प्लॅस्टिकचे झिप टाय फ्रिजच्या झाकणावर चालतात पण वॉटर हीटरवर अजिबात नाही, तिथे धूर गरम असतो, वितळून जातात. छतावरच्या व्हेंटलाही टोपीच्या आतून तसाच तुकडा लावला, कारण वरून पानं आणि पक्षी दोन्ही येतात. हे करून आल्यावर फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला आणि जाळीच्या आधी-नंतर तुलना केली, फरक जाणवला नाही.

वॉटर हीटरसाठी मी आयती जाळी घेतली. कॅम्को वगैरे कंपन्या स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या विकतात, तुमच्या दाराच्या मापाच्या, बरोबर छोट्या स्प्रिंगा आणि त्या ओढायला एक आकडा, जाळी बाहेरून ठेवायची आणि स्प्रिंग दाराच्या फटीतून आत अडकवायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम, फक्त तो आकडा फटीत घालून स्प्रिंगचं टोक पकडताना तोंडातून दोन-चार शब्द निघतात जे आईसमोर निघू नयेत. जाळी लावल्यावर लगेच हीटर चालवून ज्योत परत बघायची. निळीच आहे, आवाज तोच आहे, तर ठीक.

आणि त्याच कंपन्या फर्नेसच्या व्हेंटसाठी पण जाळी विकतात. तीही मी घेणार होतो, कार्टमध्ये टाकली होती, पण फर्नेसचं मॅन्युअल आधी काढून वाचलं. त्यात साफ लिहिलंय की व्हेंटवर कोणत्याही कारणानं जाळी लावू नका, ती तुंबते आणि फर्नेस नीट चालत नाही. विकणारा म्हणतो लावा, बनवणारा म्हणतो नको. मी बनवणाऱ्याचं ऐकलं. फ्रिजची जाळी तुंबली तर दूध नासेल, फर्नेसचा धूर अडला तर आम्ही सगळे आत झोपलेलो असतो, ह्या दोन गोष्टी एका मापात मोजता येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी फर्नेसला जाळी लावलेली आहे आणि वर्षानुवर्षं काही झालेलं नाही, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

मग फर्नेसचं करायचं काय, परत पुढच्या उन्हाळ्यात चिखल? इथे मला विमानाची गोष्ट आठवली. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाटाहून बर्गेनएअरचं बोइंग ७५७ उडालं आणि थोड्याच मिनिटांत समुद्रात पडलं, आतले सगळे १८९ लोक गेले. विमानाचा वेग मोजणारी पिटोट ट्यूब म्हणून एक नळी असते, ती तुंबलेली होती आणि कॅप्टनला वेग चुकीचा दिसत होता. विमान त्याआधी बरेच दिवस उड्डाण न करता उभं होतं आणि नळ्यांवर टोप्या घातलेल्या नव्हत्या. नळ्या समुद्रातून वर काढल्याच नाहीत त्यामुळे आत काय होतं ते कोणी डोळ्यांनी बघितलं नाही, पण सगळ्यात जास्त संशय होता तो ह्याच कुंभारणीवर. तेव्हा विमानवाल्यांचा जो उपाय तोच आपला, म्हणजे उडताना काही नाही, उभं असताना टोपी, आणि टोपीला लांब लाल फीत म्हणजे काढायची राहणार नाही.

घट्ट फोमचे दोन तुकडे कापले, फर्नेसच्या दोन्ही वाटांत घट्ट बसतील असे, आणि प्रत्येकाला हातभर लाल फीत स्टेपल करून बांधली. पण नुसत्या फितीवर मी विश्वास ठेवत नाही, रात्री अंधारात कॅम्पग्राउंडला पोचल्यावर कोण फीत बघतंय. म्हणून अजून एक केलं. बुच्चं घालताना फर्नेसचा फ्यूज काढायचा आणि बुच्च्यांच्या पिशवीत टाकून ती पिशवी थर्मोस्टॅटला टांगायची. थंडी वाजून कोणी थर्मोस्टॅटकडे गेलं तर आधी पिशवी हाताला लागते, आणि पिशवी नुसती बाजूला केली तरी फ्यूजशिवाय फर्नेस चालूच होत नाही. मुलीनं पिशवीवर मराठीत मोठ्या अक्षरात "आधी बाहेरची बुच्चं काढा" लिहिलंय. म्हाताऱ्याला ही पद्धत इतकी आवडली की त्यानंही केली, पिशवी मात्र त्याची व्हिस्कीच्या बाटलीची मखमली आहे.

लोक अजून बरंच काय काय करतात. कुत्र्याच्या गळ्यातला पिसवांचा पट्टा फ्रिजच्या मागे टांगतात, डांबरगोळ्या ठेवतात, पेपरमिंटचं तेल शिंपडतात. डांबरगोळ्यांचा प्रयोग आम्ही केला, बायकोनं कपाटातल्या गोळ्या आनंदानं दिल्या, पण फ्रिजच्या मागची जागा आणि ट्रेलरची आतली बाजू ह्यांच्यामध्ये जी फट असते तिथून वास आत आला आणि सगळ्या गाद्या-उशांना लग्नातल्या शालूचा वास यायला लागला. कोळी किती गेले माहीत नाही, आम्ही मात्र खिडक्या उघड्या टाकून बसलो. काढून टाकल्या.

एक जागा जी जवळजवळ कोणीच बघत नाही ती म्हणजे पुढच्या बाजूला दोन सिलिंडरच्या मधला रेग्युलेटर. तो गॅसचा दाब कमी करून पाण्याच्या ११ इंच उंच स्तंभाच्या दाबाइतका ठेवतो आणि त्यासाठी त्याला श्वास घ्यायला एक छोटं भोक असतं, ते खाली तोंड करून असावं लागतं. त्या भोकात चिखल गेला तर दाबाचा हिशोब बिघडतो आणि मग शेगडी, फर्नेस, फ्रिज सगळंच एकदम विचित्र वागायला लागतं आणि माणूस एकेक अप्लायन्स खोलत बसतो. आमचं भोक मोकळं होतं, पण रेग्युलेटरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरखाली मातीचं एक सुरू केलेलं घर होतंच. ते खरवडून काढलं. हूडच्या बाहेरच्या झडपेला खटका असतो, वापर नसताना तो लावला की तिथला प्रश्न सुटतो, आमचा आधी उघडाच असायचा कारण कोणाला त्याचा उपयोग माहीत नव्हता.

डेव्हिस माउंटन्सला फर्नेस रात्रभर व्यवस्थित चालली. सकाळी बाहेरच्या नळाला लावलेला पाइप आतून गोठलेला, आई आत पोळ्या करतेय आणि म्हणतेय की ह्यापेक्षा आपल्याकडची थंडी बरी. आकाशाबद्दल लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल.

त्यानंतर मार्चपासून लॉटवर गेलो की टॉर्च घेऊन एक फेरी मारतो, पाच मिनिटं पुरतात. एप्रिलमध्ये वॉटर हीटरच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूला चिखलाची सुरुवात दिसली, जाळीवर ओला चिखल थापायला घेतला होता बाईंनी, म्हणजे जाळी आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही, जाळीच बुजली की दारच बुजलं. ब्रशनं झाडून टाकलं, पुढच्या वेळी परत होतं, परत झाडलं. मग तिनं नाद सोडला आणि ट्रेलरच्या मागच्या बंपरच्या पोकळ चौकोनी नळीत घर केलं. तिथे सांडपाण्याचा पाइप ठेवतात, आम्ही ठेवत नाही, तिला तिथे मुक्काम मंजूर आहे.

ह्या सगळ्यात फायर अँट्सचं मात्र काही जमलेलं नाही. ह्या लाल मुंग्यांना विजेच्या डब्यांचं विलक्षण आकर्षण, टेक्ससमध्ये एसीच्या युनिटमध्ये पण घुसून कॉन्टॅक्ट जाळतात, आणि एक अष्टमांश इंचाची जाळी त्यांच्यासाठी महादरवाजा आहे. मे महिन्यात वॉटर हीटरच्या बोर्डाच्या कव्हरवर रांग लागलेली दिसली, माग काढत गेलो तर मागच्या चाकाला लागूनच वारूळ. चाकांच्या आणि जॅकच्या भोवती मुंग्यांचं आमिष टाकलंय, ट्रेलरला जमिनीवरून चढायच्या वाटा तेवढ्याच. लॉटवाल्यानं सांगितलंय की खडी बदलताना औषध मारू. तोपर्यंत चाकापाशी आमिषाचा डबा ठेवलाय आणि म्हाताऱ्याला सांगून ठेवलंय की पाऊस पडून गेला की माझ्या चाकांकडे पण एक नजर टाक, ओलं झालेलं आमिष मुंग्या खात नाहीत, परत टाकावं लागतं.